माळ, खिडकी आणि रिकामी खुर्ची

मार्च २०२० च्या अखेरीस सांगलीत मांडव घातला जायचा होता. शंभरावे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन, नियोजित अध्यक्ष जब्बार पटेल, आणि सांगलीचा मान मोठा. कारण उघड होते. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगवले ते याच गावात, चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने. राज्यभरातून कलावंत यायचे होते, राहण्याच्या सोयी ठरत होत्या. आणि २३ मार्चला सांगलीपासून तासाभराच्या वाटेवर, इस्लामपुरात, परदेशातून परतलेल्या चौघांचे कोरोना अहवाल पॉझिटिव्ह आले. पुढच्या काही दिवसांत बाधितांची संख्या पंचविसाच्या घरात गेली. संमेलन पुढे ढकलले गेले आणि ज्या जिल्ह्यात गर्दी कशी जमवायची याच्या बैठका चालल्या होत्या तिथे गर्दी कशी मोडायची याच्या बैठका सुरू झाल्या.

इस्लामपूर हा तेव्हाचे पालकमंत्री जयंत पाटील यांचा मतदारसंघ. जिल्हाधिकारी अभिजित चौधरी. शहराचा मधला भाग बांबू आणि पत्रे लावून बंद झाला, भोवती ‘बफर झोन’ आखला गेला, दूध-भाजी दारापर्यंत पोहोचवायची व्यवस्था झाली, बाधितांच्या संपर्कातले लोक शोधून वेगळे ठेवले गेले. मिरजेचे शासकीय रुग्णालय कोविडसाठी राखून ठेवले गेले. एप्रिलच्या मध्यापर्यंत बहुतेक सगळे रुग्ण बरे होऊन घरी परतले आणि ‘इस्लामपूर पॅटर्न’ हा शब्द मुंबईच्या पत्रकार परिषदांतही ऐकू येऊ लागला. त्या यशात मेहनत होती, पण एक सोयही होती. लागण एकाच धाग्याने जोडलेली होती आणि तो धागा लवकर हाती लागला. पुढे मे महिन्यात धागे शेकड्याने आले तेव्हा तोच पॅटर्न पुरा पडेना.

या भागाला साथ अडवण्याची ही विद्या नवी नव्हती. आजचे सातारा आणि सांगली हे जिल्हे १९४९ पर्यंत बऱ्याच अंशी एकच होते. मधेमधे सांगली, मिरज, जत, औंध अशी संस्थाने पसरलेली. संस्थाने विलीन झाल्यावर त्या साली ‘दक्षिण सातारा’ जिल्हा निघाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. म्हणून इथल्या साथींचा जुना इतिहास वाटून घेता येत नाही. तो एकाच कृष्णाकाठचा आहे.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. मुंबईत घाटावरचा कामगार मोठ्या संख्येने होता. गोदीत, गिरण्यांत, हमालीत असलेली ही माणसे घाबरून गावाकडे निघाली, आणि त्यांच्यासोबत, सामानासोबत, धान्याच्या पोत्यांसोबत साथही निघाली. पुण्याहून मिरजेकडे जाणारी सदर्न मराठा रेल्वेची मीटरगेज लाइन तेव्हा जेमतेम दहा वर्षांची होती. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला. स्टेशनांवर डॉक्टर उभे राहिले, काखेत-जांघेत गाठ आहे का ते चाचपले जाऊ लागले, संशयितांना उतरवून छावणीत नेले जाऊ लागले. सव्वाशे वर्षांनी टाळेबंदीचे आदेश निघाले तेव्हा त्यांच्या शिरोभागी याच १८९७ च्या कायद्याचे नाव होते.

पुण्यात प्लेगचा बंदोबस्त करायला ज्याला नेमले तो वॉल्टर चार्ल्स रँड साताऱ्याहूनच गेला होता. तो इथे असिस्टंट कलेक्टर होता आणि वाईच्या मशिदीपुढील वाजंत्रीच्या खटल्यात १८९४ साली त्याने प्रतिष्ठितांना तुरुंगात घालून आपला कडकपणा दाखवलेला होता. पुण्यात त्याच्या हाताखालच्या गोऱ्या सोजिरांनी घरोघर शिरून जे केले ते सर्वांना ठाऊक आहे, आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी त्याचा हिशेब कसा केला तेही. त्याच साली, १० मार्चला, सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना प्लेगनेच गेल्या. त्यांचे माहेर नायगाव, सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यातले. एकाच जिल्ह्याशी नाते सांगणारी ही दोन माणसे आणि साथीला सामोरे जाण्याच्या दोन तऱ्हा. एकाने माणसे घराबाहेर ओढली, दुसरीने त्यांना जवळ केले.

रँडच्या खुनानंतर सरकार सावध झाले. घरे फोडण्यापेक्षा लोकांनी आपण होऊन गाव सोडावे, हे धोरण हळूहळू पुढे आले, आणि ते लोकांना सरकारच्या आधीच सुचले होते. घरात उंदीर पडू लागले की गाव उठायचे. भांडीकुंडी, धान्य, गुरे घेऊन लोक माळावर, मळ्यात, आंब्याच्या झाडांखाली झोपड्या घालून राहायचे. कुडाच्या भिंती, वर पाचट नाहीतर गवत. कचेरी आणि शाळाही कधी कधी तिथेच भरायची. साथ ओसरली की घरे शेणाने सारवून, धुरी देऊन लोक परत यायचे, आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा उंदीर पडले की पुन्हा बाहेर. हे वर्षानुवर्षे चालले. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत प्लेगचा वाहक उंदरावरची पिसू आहे हे दाखवले, पण शास्त्राने ते मान्य करायला आणखी बरीच वर्षे घेतली. खेडुताला पिसू माहीत नव्हती. मेलेला उंदीर दिसला की छप्पर सोडायचे, एवढे त्याला पुरे होते.

तरी किंमत भयंकर होती. १८९१ च्या खानेसुमारीत सातारा जिल्ह्याची लोकसंख्या सव्वाबारा लाखांच्या आसपास होती, १९०१ मध्ये ती साडेअकरा लाखांवर आली. यात दुष्काळाचाही वाटा आहे, पण प्लेगचा मोठा. आणि साथ एकदाच येऊन गेली असेही नाही. १९१३ साली देवराष्ट्रे इथे जन्मलेले यशवंतराव चव्हाण लहान असतानाच त्यांचे वडील प्लेगने गेले. मग १९१८ ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, आली. ती इतक्या झपाट्याने पसरली की माळावर जायलाही कुणाला उसंत मिळाली नाही, आणि गेले असते तरी उपयोग किती झाला असता कोण जाणे. ती माणसाच्या श्वासातून येत होती.

साथीची नुसती जंत्री मांडताना एक गोष्ट निसटते. प्लेगच्या काळात धोका घरात होता आणि सुटका उघड्यावर. २०२० मध्ये लोकांना सांगितले गेले ते नेमके उलट, घरात राहा, बाहेर पडू नका. जुन्या पिढीने सार्वजनिक जागा बदलली ती गाव रिकामे करून. नव्या पिढीने ती बदलली खुर्ची रिकामी ठेवून, बाकावर फुली मारून, दुकानापुढे चुन्याचे वर्तुळ काढून. विषाणू हवेतून पसरतो हे ठामपणे मान्य होईपर्यंत वर्ष गेले आणि तोवर आपण दाराच्या कड्या आणि भाजीच्या पिशव्या पुसत बसलो. गावोगावी निर्जंतुकीकरणाची बोगदेवजा कमान उभी राहिली, तिच्यातून माणसे चालवून त्यांच्या अंगावर औषध फवारले जाऊ लागले. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने एप्रिलमध्येच हे करू नका म्हणून सांगितले, तरी उद्घाटने थांबली नाहीत. फीत कापता येईल अशी ती एकच गोष्ट होती.

वास्तविक हवेची गोष्ट या दोन जिल्ह्यांइतकी फार कुणाला माहीत नसावी. क्षयाला औषध नव्हते तेव्हा मुंबईचे डॉक्टर रोग्याला पाचगणीला पाठवत. डॉ. रुस्तुमजी बिलिमोरिया यांनी तिथे बेल-एअर सॅनिटोरियम काढले. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचे रुग्णालय उघडले, आणि पुढे मिरज व सांगलीच्या मधल्या मोकळ्या जागेत क्षयरोग्यांसाठी जी वसाहत झाली तिला आजही वानलेसवाडी म्हणतात. या इमारतींची रचनाच औषध होती. लांब व्हरांडे, मोठ्या खिडक्या, खाटांमध्ये अंतर, रोगी दिवसभर उघड्यावर. १९५० नंतर गोळ्या आल्या, व्हरांडे बंद करून खोल्या झाल्या, आणि खिडकी हा उपचार आहे हे आपण विसरलो.

मे २०२० मध्ये १८९६ चीच वाट पुन्हा वाहू लागली, मुंबईहून घाटावर. नवी मुंबईतल्या वाशीच्या घाऊक बाजारात पाठीवर पोती वाहणारा माथाडी कामगार मुख्यतः पाटण, जावळी, कोरेगाव, शिराळा या तालुक्यांतला. त्यांची संघटना बांधणारे अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच. हा बाजार मुंबईचे पोट असल्याने टाळेबंदीतही चालू राहिला आणि तिथेच लागण फैलावली. मे महिन्यात तो काही दिवस बंद ठेवावा लागला. तिकडे खानापूर, आटपाडी, तासगावची गलाई माणसे, भारतभरच्या सराफ बाजारांतल्या बोळांत सोने-चांदी गाळणारी, केरळपासून बंगालपर्यंतची दुकाने बंद करून विट्याकडे निघाली. प्लेगमध्ये गाव रिकामे झाले होते. आता गावे भरू लागली.

गावांनी स्वागत केले असे म्हणवत नाही. वेशीवर बाभळीच्या काटेरी फांद्या पडल्या, ट्रॅक्टर आडवे लागले, ‘बाहेरच्यांना प्रवेश बंद’ अशा पाट्या लागल्या. ज्याच्या पैशावर देवळाचा कळस झाला तोच आता बाहेरचा ठरला. सरपंचाच्या अध्यक्षतेखाली ग्रामदक्षता समित्या झाल्या, जिल्हा परिषदेच्या शाळा विलगीकरणाला दिल्या गेल्या. वर्गातले बाक ओट्यावर आणि सतरंज्या आत. चौदा दिवस. फळ्यावर मार्चमधला सुविचार तसाच, खाली मुंबईचा माणूस मोबाइल चार्जिंगला लावून बसलेला. पण ज्यांचे रान होते, रानात वस्ती होती, त्यांनी दुसरा मार्ग धरला. आलेला मुलगा-सून थेट मळ्यातल्या खोपटात, जेवणाचा डबा बांधावर ठेवायचा आणि हाक मारून मागे फिरायचे. आजोबांनी सांगितलेल्या प्लेगच्या झोपड्या अशा पुन्हा वसल्या. ज्याला गुंठाभरही रान नव्हते त्याला शाळेची खोली, आणि तिथे स्वच्छतागृह एकच.

साथीत प्रवासाचेही नवे व्याकरण घडले. सातारा आणि पुणे या जिल्ह्यांची हद्द म्हणजे नीरा नदी. सारोळ्याचा पूल ओलांडला की शिरवळ. एरवी कुणाच्या ध्यानातही न येणारा हा पूल त्या उन्हाळ्यात सीमेचे नाके झाला. ई-पास, आधार कार्ड, कपाळावर तापमापी, हातावर शिक्का. दक्षिणेला म्हैसाळ ओलांडून कागवाडकडे जायचे तर कर्नाटकाचे नाके. पास कुणाला मिळतो हाही प्रश्न होताच. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एका बड्या उद्योगपती कुटुंबातली माणसे, नोकरचाकरांसह तेवीस जण, गाड्यांचा ताफा घेऊन लोणावळ्याजवळच्या खंडाळ्याहून महाबळेश्वरला पोहोचली. त्यांच्याकडे मंत्रालयातल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याचे पत्र होते. स्थानिकांनी आवाज उठवल्यावर सगळ्यांना पाचगणीत विलगीकरणात ठेवले गेले, अधिकाऱ्याला सक्तीच्या रजेवर पाठवले. त्याच दिवसांत त्याच महामार्गावरून डोक्यावर बोचके घेतलेली माणसे चालत होती. अंतर राखा हे दोघांनाही सांगितले होते.

परप्रांतीय मजुरांसाठी मिरज आणि सातारा स्टेशनांतून श्रमिक रेल्वे सुटल्या. सुरुवातीला एका गाडीत बाराशे माणसे घेतली जात, मधला बर्थ रिकामा ठेवून. मेच्या दुसऱ्या आठवड्यात हा आकडा सतराशेवर नेला गेला. म्हणजे मधला बर्थ अवघ्या दहा-बारा दिवसांत भरला. विषाणू बदलला नव्हता, रांग वाढली होती.

२२ मे २०२० ला एसटी जिल्ह्याच्या आत धावू लागली. चव्वेचाळीस आसनांच्या गाडीत बावीस प्रवासी, एका बाकावर एक, उभे राहायला मनाई. एसटीत गाडी किती भरली याला भारमान म्हणतात आणि आगार व्यवस्थापकाची झोप त्यावर अवलंबून असते. इथे सरकारनेच भारमानाला पन्नासची कमाल घालून दिली होती. डिझेल तेवढेच, चालक-वाहक तेवढेच, तिकीट तेवढेच, माणसे निम्मी. रिकाम्या जागेचे भाडे महामंडळाच्या डोक्यावर बसले. त्याच महिन्यात एसटीने मालवाहतूक सुरू केली आणि जुन्या गाड्यांतली आसने काढून त्यांत पोती भरली. सामानाला अंतर राखायचे नव्हते. २० ऑगस्टपासून जिल्ह्याबाहेर गाड्या सुटल्या, तेही ई-पासशिवाय, तर खासगी मोटारीला मात्र पास लागे, असा एक विनोदी पंधरवडा होऊन गेला. १८ सप्टेंबरला पूर्ण आसनांना परवानगी मिळाली आणि ते अंतर संपले.

वाहकाला एक गोष्ट मात्र कळली होती, जी आदेशात नव्हती. लाल गाडीच्या काचा नीट बसत नाहीत, वाऱ्याने खडखडतात, पावसात पाणी आत येते. वर्षानुवर्षे प्रवासी यावरून महामंडळाला शिव्या देत आले. पण त्या वर्षी बंद काचांच्या वातानुकूलित गाडीपेक्षा हीच गाडी सुरक्षित होती, फट होती म्हणून. कुणी हे जाहिरातीत लिहिले नाही. बाकांवरच्या फुल्या मात्र छायाचित्रांत छान आल्या.

आता वारी. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरेच्या पुलावरून सातारा जिल्ह्यात शिरते, नीरेच्या पाण्यात पादुकांना स्नान होते, मग लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम. लोणंद सोडल्यावर चांदोबाच्या लिंबापाशी पहिले उभे रिंगण. या सोहळ्याला आजची शिस्त लावणारे हैबतबाबा याच जिल्ह्यातल्या आरफळचे. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदारकी केलेला हा माणूस, १८३० च्या आसपास लष्कराची शिस्त भक्तीच्या कामी आणली. रथापुढच्या दिंड्या, रथामागच्या दिंड्या, प्रत्येकीला क्रमांक, कुणी कुठे चालायचे ते ठरलेले. संध्याकाळी समाजआरतीला चोपदाराने दंड उंचावला की हजारो माणसे क्षणात गप्प होतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते आणि तिचे ऐकून घेतले जाते. गर्दीचे व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्थांनी पदवी देण्याआधी इथे येऊन उभे राहावे.

आणि ही शिस्तसुद्धा २०२० मध्ये पुरेशी नव्हती, कारण प्रश्न क्रमाचा नव्हता, श्वासाचा होता. जूनमध्ये आळंदी-देहूत मोजक्या माणसांत प्रस्थान झाले, पादुका तिथेच थांबल्या, आणि ३० जूनला, आषाढीच्या आदल्या दिवशी, फुलांनी सजवलेल्या एसटीतून पंढरपूरला निघाल्या. सोबत वीसेक माणसे. सतरा-अठरा दिवसांची वाट काही तासांत संपली. पंढरपुरात संचारबंदी. १ जुलैला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे स्वतः गाडी चालवत येऊन पूजा करून गेले. लोणंदच्या तळावर त्या वर्षी तंबू नव्हते. एरवी मुक्कामाच्या गावात घराघरांतून भाकरीच्या पाट्या निघतात, न्हाव्यापासून चांभारापर्यंत सगळे सेवेला बसतात, आणि फिरत्या विक्रेत्यांची वर्षाची कमाई त्या चार रात्रींत होते. २०२१ मध्ये पुन्हा बसच, मानाच्या दहा पालख्यांना दोन-दोन गाड्या, वाखरीपासून थोडेसे प्रातिनिधिक पायी चालणे. २०२२ मध्ये माणसे परत रस्त्यावर आली.

काही जणांना पादुका बसने नेणे हा परंपरेचा भंग वाटला. मला तसे वाटत नाही. गर्दीने काय होते हे सातारा जिल्ह्याने २५ जानेवारी २००५ ला मांढरदेवीच्या डोंगरावर पाहिले आहे. अरुंद वाट, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, दुकानांना लागलेली आग आणि तीनशेच्या आसपास मृत्यू. त्यानंतर चौकशी झाली, नारळ फोडण्यावर बंदी आली, दुकाने हटली, वाटा बदलल्या. देवस्थानाची जागा माणसांच्या जिवासाठी बदलावी लागते हे तेव्हाच पटलेले होते. हैबतबाबांनी वारी बदलली म्हणूनच ती टिकली.

सांगलीच्या वसंतदादा पाटील मार्केट यार्डात हळदीचा हंगाम ऐन भरात असताना सौदे थांबले, आणि पुढे मोजक्या खरेदीदारांना आत सोडून सुरू झाले. भाजीबाजार गल्ल्यांतून मैदानांवर हलले. लग्ने पन्नास माणसांत बसवली गेली. दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, पंचवीस माणसे आणि दोन तास अशी मर्यादा आली, मोडली तर पन्नास हजारांचा दंड. मंगल कार्यालयवाले बुडाले, मुलीचे बाप खासगीत सुटल्यासारखे बोलत. हा एक बदल टिकला असता तर बरे झाले असते. तो सगळ्यांत आधी गेला.

साताऱ्यात एक अजब गोष्ट घडली. बसस्थानकाजवळ छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयाची नवी इमारत उभी होती, वस्तू अजून मांडायच्या होत्या. शेखर सिंह जिल्हाधिकारी असताना, पहिल्या लाटेत तिथेच जम्बो कोविड रुग्णालय उघडले. तलवारी आणि कट्यारींसाठी बांधलेल्या दालनांत खाटा लागल्या, भिंतींवरून प्राणवायूच्या नळ्या फिरल्या. मोठी छते, प्रशस्त जागा आणि शहराच्या मध्यावर, अशी सोय दुसरीकडे नव्हती. दुसऱ्या लाटेत या खाटांसाठी आमदार-खासदारांना फोन होत. संग्रहालय म्हणून ती इमारत गाजली ती जुलै २०२४ मध्ये, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखे आणून तिथे ठेवली तेव्हा. बघायला लागलेल्या रांगेत काही जण असे असणार, जे त्याच दालनात कधीतरी पालथे झोपून ऑक्सिजनची पातळी वाचत होते.

नाटकाचे काय झाले? राज्य सरकारने नाट्यगृहे आणि चित्रपटगृहे पन्नास टक्के क्षमतेने उघडायला परवानगी दिली ती ५ नोव्हेंबर २०२० पासून. तारीख मुद्दाम निवडली की योगायोग, पण तो मराठी रंगभूमी दिन होता, म्हणजे सांगलीचाच दिवस. परवानगी आली तरी पडदा लगेच उघडला नाही. एक सोडून एक खुर्ची विकून नाट्यगृहाचे भाडे, ट्रक, रंगमंच कामगार, नटांची ‘नाइट’ म्हणजे मानधन, हे गणित बसत नाही. निर्मात्यांनी भाडे कमी करा म्हणून अर्ज केले. सांगलीत भावे नाट्यमंदिर, दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह, मिरजेत बालगंधर्व नाट्यगृह, सगळीकडे प्रश्न एकच. शिवाय विनोदी नाटकाचा जीव हशात असतो, आणि हशा शेजारच्याकडून पसरतो. मध्ये मोकळी खुर्ची असली की तो तिथेच अडकतो, असे नट सांगत. आणि इथेही हवेचा मुद्दा होताच. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून बांधलेली बंदिस्त, वातानुकूलित सभागृहे, त्यांत एक सोडून बसलेली माणसे तीन तास तीच हवा घेत होती. उघड्या पटांगणातला तमाशा त्यापेक्षा निर्धोक होता, पण जत्राच बंद, म्हणून तमाशाच्या राहुट्या सलग दोन हंगाम उभ्या राहिल्या नाहीत. नाट्यगृहे २०२१ च्या वसंतात पुन्हा बंद झाली, २२ ऑक्टोबरला पुन्हा अर्धी उघडली. शंभरावे संमेलन अखेर जानेवारी २०२४ मध्ये पिंपरी-चिंचवडला भरले, अध्यक्ष तेच, जब्बार पटेल.

२०२१ चा जुलै सगळे नियम धुऊन घेऊन गेला. तेव्हा सातारा-सांगलीत बाधितांचे प्रमाण राज्यात चढे होते. २२ जुलैच्या आसपास पाऊस कोसळला, पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर खचून माणसे गाडली गेली. सांगलीत कृष्णेने आयर्विन पुलाची पंचेचाळीस फुटांची धोका पातळी कधीच मागे टाकली. दोनच वर्षांपूर्वी, ऑगस्ट २०१९ मध्ये, याच पाण्यात ब्रह्मनाळची बोट उलटून गेलेले बळी लोक विसरले नव्हते, त्यामुळे या वेळी माणसे वेळेत बाहेर पडली. आली कुठे, तर शाळांत आणि मंगल कार्यालयांत, म्हणजे वर्षभर एकेका खोलीत एकेक कुटुंब ठेवलेल्या त्याच जागांत. आता एका वर्गात तीस-चाळीस माणसे, ओली अंथरुणे, लेकरे, शेळ्या. आरोग्यसेविका दारात बसून तपासण्या करत होत्या, मास्क वाटत होत्या. दोन मीटरचे अंतर मागायला जागा नव्हती, आणि कुणी मागितलेही नाही. २ ऑगस्टला राज्यात इतरत्र निर्बंध सैल झाले तेव्हा अकरा जिल्हे वगळले गेले, त्यांत हे दोन्ही होते. पुराचा गाळ काढणाऱ्या दुकानदाराला त्याच दिवसांत चार वाजता शटर ओढायला सांगणारा भोंगा फिरत होता. व्यापारी चिडले आणि काही दिवसांत तोही नियम सैल झाला.

साथीसाठी केलेल्या बदलांपैकी काय उरले याची यादी छोटी आहे आणि थोडी चमत्कारिक. वर्तुळे पहिल्या पावसात गेली. बाकांवरच्या फुल्यांचे चिकट डाग काही स्थानकांवर बरेच दिवस राहिले. विलगीकरणाच्या शाळांना त्या निमित्ताने कुठे नळ मिळाला, कुठे स्वच्छतागृहाला दार. मिरजेच्या रुग्णालयात प्राणवायूची टाकी आली. नव्या बांधलेल्या कार्यालयांत आणि बसगाड्यांत मात्र काचा आणखी घट्ट झाल्या.

आणि रेल्वेत ‘तात्पुरते’ म्हणून केलेले बरेच काही मुक्कामाला राहिले. पॅसेंजर गाड्या ‘विशेष’ या नावाखाली एक्सप्रेसच्या दराने धावत राहिल्या, आणि कराड-सांगलीकडच्या प्रवाशाने किमान तिकिटाला दहाऐवजी तीस रुपये मोजले. ते दर उतरायला २०२४ उजाडले. कोल्हापूरहून मिरज, सांगली, कराड, सातारा करत रात्रभरात मुंबई गाठणारी सह्याद्री एक्सप्रेस मार्च २०२० मध्ये थांबली ती वर्षानुवर्षे फलाटाला लागलीच नाही. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये परत आली, तीही पुण्यापर्यंतच. मुंबईच्या माथाडीने पुण्याला उतरावे आणि पुढची गाडी बघावी.